गाडी ‘नेट्टग होगवल्दु’!

गाडीचं दुखणं सांगायला आपल्या भागात शब्दांची काही कमी नाही. खानापूरचा माणूस म्हणतो, ‘स्टेअरिंग सैल झालंय बघा.’ गोकाकचा म्हणतो, ‘यडक्क यळीतैति.’ निपाणीचा दोन्ही भाषा एकाच वाक्यात घालतो आणि वर हातानं नागमोडी काढून दाखवतो. गॅरेजवाल्याच्या कानाला हे सगळं एकसारखंच लागतं. तो म्हणतो, ‘अलाइनमेंट करून घ्या.’ पैसे देऊन आपण घरी येतो, चार दिवस बरं वाटतं आणि पाचव्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

सुरतेहून माझ्या भाचीचा फोन आला तेव्हा तिनं एकाच वाक्यात नेमकं सांगितलं, ‘मामा, गाडी नेट्टग होगवल्दु.’ आमच्या घरात मराठी-कन्नड दोन्ही चालतं, आणि घाबरलं की तिच्या तोंडून कन्नड आधी येतं. ‘होगवल्दु’ म्हणजे नुसतं ‘जात नाही’ नव्हे. जायला तयार नाही, ऐकत नाही, असा त्यात हट्टाचा अर्थ आहे. या दुखण्याला याहून चांगला शब्द मला मराठीत सापडला नाही. एका बाजूला ओढणारी गाडी वेगळी आणि ऐकत नसलेली गाडी वेगळी.

आज लिहायचंय ते या दुसऱ्या गाडीबद्दल. पण आधी चार दुखणी वेगळी करून ठेवू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. गाडी कायम एकाच बाजूला जात असेल तर ती ‘ओढते’. ठरावीक वेगाला, बहुधा ऐंशीच्या आसपास, स्टेअरिंग हातात नाचत असेल तर ती ‘थरथरते’. तिथं आधी चाकांचं बॅलन्सिंग बघायचं. स्टेअरिंग थोडं फिरवलं तरी चाक जागचं हलत नसेल तर स्टेअरिंग ‘सैल’ आहे. आणि गाडी कधी डावीकडं, कधी उजवीकडं जात असेल, दर दहा सेकंदांनी सावरावी लागत असेल आणि पन्नास किलोमीटरमध्ये खांदे भरून येत असतील, तर ती ‘भरकटते’. गॅरेजमध्ये पाय ठेवण्याआधी आपली गाडी यातली कुठली, हे घरी ठरवावं. डॉक्टरकडं जाताना पोट दुखतं की छाती, एवढं तरी आपण ठरवून जातोच की.

भाचीचं सासर सुरतेत उधन्याला. सुरत म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर १६६४ आणि १६७० येतात, पण आजच्या सुरतेत लिंबायत, उधना, पांडेसरा या भागात फिरलं तर अर्धं खानदेश भेटतं. धुळे-जळगावकडची माणसं कापडाच्या कामासाठी तिथं गेली आणि तिथलीच झाली. महापालिकेच्या मराठी शाळासुद्धा आहेत. आमची भाची पळसाण्याकडच्या एका कापड प्रोसेसिंगच्या कारखान्यात हिशेबाचं काम बघते आणि रोज स्वतः गाडी चालवत जाते. हजिऱ्याहून निघून सोनगड, नवापूरमार्गे धुळ्याकडं जाणारा त्रेपन्न नंबरचा राष्ट्रीय महामार्ग आणि आपला अठ्ठेचाळीस नंबरचा महामार्ग त्याच भागात एकमेकांना भेटतात. आपला म्हणायचं कारण, बेळगावजवळून जाणारा जो रस्ता आपण अजून ‘पुणे-बेंगलोर’ म्हणतो, तोच मुंबईवरून वर सुरतेला जातो. रस्ता एकच, मध्ये सुमारे साडेसातशे किलोमीटर.

या रस्त्यानंच घरातली सगळी मंडळी सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला यायची होती. सासू-सासरे, दोन मुलं आणि स्टेअरिंगवर आळीपाळीनं जावईबापू आणि भाची. पण तीन महिने गाडी ऐकत नव्हती. दोनदा अलाइनमेंट करून झालं, पुढचे दोन्ही टायर नवे घातले. जावईबापू गाडी घेऊन गल्लीत एक चक्कर मारून आले आणि म्हणाले, ‘मला तर काही जाणवत नाही.’ सासूबाई म्हणाल्या, ‘ती चालवते तेव्हाच गाडी डुलते.’ मग एका गॅरेजनं निदान केलं की स्टेअरिंगचा रॅक गेला, तो पूर्ण बदलावा लागेल, खर्च वीस-बावीस हजार. घरात निकाल असा लागला की आधी तिचं चालवणं बंद करू आणि रॅकचं दिवाळीनंतर बघू. किल्ली कपाटात गेली. ती रिक्षा आणि कंपनीची बस यांच्यावर पळसाण्याला जाऊ लागली.

फोनवर मी तिला एकच प्रश्न विचारला. ‘हायवेवर सत्तरच्या वेगाला असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढलास तर गाडी कुठं जाते?’

ती लगेच म्हणाली, ‘डावीकडं. आणि पुन्हा पाय दिला की जरा उजवीकडं. ब्रेक लावला की नक्की डावीकडं. आणि ब्रेकर ओलांडताना ब्रेक असेल तर खालून ठक् असा आवाज येतो.’

चालवता न येणाऱ्या माणसाला हे सांगता येत नाही, वाचकहो. चाळीस वर्षं चालवणाऱ्या कित्येकांना मी हा प्रश्न विचारलाय आणि ‘तसं काही लक्ष दिलं नाही’ हेच उत्तर ऐकलंय. तिला गाडी पायातून कळत होती. जावईबापूंना जाणवलं नाही यात त्यांचाही दोष नाही. उधन्याच्या गर्दीत तीस-चाळीसच्या वर वेग जात नाही आणि हे दुखणं साठ-सत्तरच्या खाली तोंड दाखवत नाही. फक्त निकाल द्यायच्या आधी त्यांनी पळसाण्यापर्यंत जायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं.

कोजागिरीच्या आदल्या दिवशी मी आणि माझी बहीण सुरतेला पोचलो. कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी तिथं ‘चंदनी पडवो’ असतो आणि सबंध शहर घारी खातं. आपली भोपळ्याची घारी नव्हे, तर तुपात बुडवलेली माव्याची. एक खाल्ली की दुपारपर्यंत जेवायची गरज नाही. त्यामुळं गाडीखाली शिरायचं काम मी घारीच्या आधी उरकलं.

सुरुवात हवेपासून. हे वाचून कुणी हसेल, पण भरकटणाऱ्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या निव्वळ हवेवर बऱ्या झालेल्या मी पाहिल्यात. हवा टायर गार असताना तपासायची, म्हणजे सकाळी, गाडी दोन-तीन किलोमीटरपेक्षा जास्त चाललेली नसताना. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेलं असतं. टायरच्या अंगावर छापलेला आकडा बघून हवा भरू नये. तो त्या टायरची कमाल मर्यादा सांगतो, तुमच्या गाडीची गरज नाही. आणि मागची चाकं विसरू नयेत. मागच्या टायरमध्ये हवा कमी असेल तर गाडीचं शेपूट डुलतं आणि आपल्याला वाटतं स्टेअरिंग बिघडलं. मागं तीन माणसं आणि डिकी भरलेली असेल तर त्याच पट्टीवर भरलेल्या गाडीसाठीचा वेगळा आकडा दिलेला असतो, तो पाळावा. भाचीच्या गाडीत पुढं हवा ठीक होती, मागच्या उजव्या चाकात सहा पौंड कमी. भरून टाकली. थोडा फरक पडला, पण दुखणं राहिलं.

मग टायरवरून तळहात फिरवायचा. आडवा, आतून बाहेर आणि मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीच्या दातांसारखं लागलं तर समजावं की चाकं सरळ धावत नाहीत, रस्त्यावर तिरकी घासत चाललीत. टायर नवे असल्यानं इथं ही खूण पुसट होती. पण काढून ठेवलेले जुने टायर गॅलरीत पडले होते. त्यांच्या आतल्या कडा पार झिजलेल्या होत्या आणि बाहेरच्या कडांवर अजून नक्षी होती. जुने टायर टाकून देण्याआधी एकदा नीट बघावेत, ते जुन्या पत्रांसारखे असतात, बरंच काही सांगतात.

आतली कड झिजते याचा अर्थ काय? पुढची दोन चाकं वरून पाहिली तर एकमेकांना जवळजवळ समांतर हवीत. त्यांची तोंडं बाहेरच्या बाजूला फाकली तर काय होतं ते बैलगाडी हाकलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. दोन बैल दोन दिशांना ओढायला लागले की ज्याचा जोर क्षणभर जास्त त्याच्याकडं गाडी जाते. चाकांचंही तसंच. रस्त्याच्या लहानशा उंचवट्यानं भार डाव्या चाकावर आला की गाडी त्याच्या म्हणण्यानं वळते, उजव्यावर आला की उजव्याच्या. म्हणून ती एका बाजूला ओढत नाही, भरकटते.

आता खरा प्रश्न. दोनदा अलाइनमेंट केलं, मशीननं सगळे आकडे हिरवे दाखवले, तरी चाकं फाकतात कशी? अलाइनमेंट उभ्या गाडीवर होतं. जिना चढताना धाप लागणारा माणूस डॉक्टरांसमोर खुर्चीत बसला की त्याची नाडी ठीकच लागते. तसंच हे. चाकाला जागेवर धरून ठेवणारा एखादा सांधा ढिला असेल तर उभ्या गाडीत तो निमूट आपल्या जागी बसतो; रस्त्यावर ब्रेकचा झटका बसला की सरकतो. त्यामुळं सांधे तपासल्याशिवाय अलाइनमेंट करणं म्हणजे ओल्या भिंतीला रंग देणं. दोन-चार दिवस बरं दिसतं. अलाइनमेंट टिकत नाही हीच मुळात एक खूण आहे, आणि तीच बहुतेक जण मशीनच्या माथी मारतात.

सांधे तपासायला उधन्यातल्याच एका छोट्या गॅरेजचा मालक मदतीला आला. माणूस अमळनेरकडचा. आल्या आल्या ‘काय व्हयनं भाऊ?’ म्हणून अहिराणीत विचारलं आणि गाडी रॅम्पवर घेतली. माझ्या बहिणीनं कन्नडमध्ये, भाचीनं मराठीत, शेजारच्या गुजराती काकांनी ‘गाडी खेंचाय छे?’ असं विचारून, सगळ्यांनी आपापल्या परीनं त्याला दुखणं समजावलं. त्यानं सगळ्यांना मान डोलावली आणि ऐकलं फक्त भाचीचं. मला माणूस तिथंच आवडला.

पहिली तपासणी तुम्हीही करू शकता. गाडी सपाट जागी, चाकं सरळ, इंजिन चालू. खिडकीतून वाकून पुढचं चाक बघत स्टेअरिंग दोन बोटांनी थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं हलवायचं. चाक हलायच्या आधी स्टेअरिंगच्या कडेला बोटभर मोकळी हालचाल झाली तर चालते, त्याहून जास्त झाली तर कुठंतरी सांधा खाल्ला गेलाय. इथं ती बोटभरही नव्हती. म्हणजे स्टेअरिंग ‘सैल’ नव्हतं, आणि रॅक गेला हे निदान इथंच डळमळीत झालं.

दुसरी तपासणी दोघांची. एकानं आत बसून स्टेअरिंग हळूहळू डावं-उजवं हलवत राहायचं, दुसऱ्यानं खाली एकेका सांध्यावर हात ठेवायचा. चाकं मात्र जमिनीवर किंवा रॅम्पवर टेकलेली हवीत, लोंबकळती नकोत. डोळ्यांना न दिसणारी खेळ हाताला लगेच कळते, सांधा टिचकी मारल्यासारखा लागतो. टायरॉडचं बाहेरचं टोक, मग रबरी भात्याच्या आत लपलेला आतला सांधा (भाता बाहेरून चिमटीत धरला की तोही कळतो), मग रॅकला धरणारे बुश आणि शेवटी स्टेअरिंगच्या दांड्याचा खालचा जॉइंट, जिथं पाय ठेवतो त्याच्या पलीकडे. सगळे ठीक निघाले. भाताही फाटलेला नव्हता. हे महत्त्वाचं, कारण फाटक्या भात्यातून पाणी आत गेलं की रॅक गंजतो. सुरतेनं ऑगस्ट २००६चा तापीचा पूर पाहिलाय, आपण कोल्हापूर-सांगलीकडं २०१९ आणि २०२१ पाहिलं. पुराच्या पाण्यात उभी राहिलेली जुनी गाडी कुणी स्वस्तात देत असेल तर आधी हे दोन भाते उघडून बघा. आत तांबूस चिखल दिसला तर किंमत तिथंच पडते.

तिसरी तपासणी चाक उचलून. इथं एक हात जोडून सांगणं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, घोडी लावल्याशिवाय तर नाहीच. चाक डावी-उजवीकडून, म्हणजे घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवलं आणि खेळ लागली तर संशय टायरॉडवर. वर-खाली, बारा आणि सहाच्या जागी धरून खेळ लागली तर बेअरिंग नाहीतर बॉल जॉइंट. यातलं कुठलं ते ओळखायची सोपी युक्ती आहे. आत बसलेल्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खेळ नाहीशी झाली तर बेअरिंग, राहिली तर बॉल जॉइंट. भाचीच्या गाडीत यातलंही काही नव्हतं.

राहिला लोअर आर्म. पुढच्या चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा हा खालचा हात. लहान मोटारींत त्याला बहुधा दोन रबरी बुश असतात. एक आडवा जोर सोसतो, दुसरा, बहुतेक मागचा आणि अंगानं मोठा, चाकाला मागं-पुढं सरकू देत नाही. भाचीनं फोनवर सांगितलेलं सगळं या दुसऱ्याकडं बोट दाखवत होतं. पाय काढला की चाक जरा मागं, दिला की जरा पुढं, आणि प्रत्येक वेळी चाकाचं तोंड बदलणार. ठक् आवाज त्याचाच. अमळनेरकरांनी पहार लावून आर्म मागं रेटला आणि डाव्या बाजूचा मागचा बुश उघडाच पडला. रबर अर्ध्या गोलापर्यंत फाटलेलं, फटीत बोटाचं नख जाईल इतकं. उजवा बुश जुना, भेगाळलेला, पण धड होता.

मला नवल वाटलं ते पुढचं ऐकून. हा डावा बुश चौदा महिन्यांपूर्वीच बदललेला होता. म्हणजे नवा फाटला आणि जुना टिकला. असं का व्हावं? माल खोटा असू शकतो. पण दुसरं एक कारण मी फार वेळा पाहिलंय. हे बुश बसवताना बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी चाकांवर उभी असताना, गाडीचं वजन अंगावर आल्यावर. चाक हवेत लोंबकळत असताना आवळला तर रबर त्या स्थितीत जखडलं जातं, आणि गाडी खाली आली की जन्मभर पिळलेलं राहतं. ओलं धोतर पिळून तसंच वाळत घालावं तसं. मग प्रत्येक खड्ड्याला ते थोडं थोडं फाटत जातं, आणि सुरतेला २०२१ साली मेट्रोच्या कामाची सुरुवात झाल्यापासून खणलेल्या रस्त्यांची उणीव नव्हती. त्या आधीच्या गॅरेजनं बोल्ट कसा आवळला ते मी पाहिलेलं नाही, त्यामुळं शपथेवर सांगणार नाही. पण तुम्ही बुश बदलायला द्याल तेव्हा मिस्त्रीला एवढं जरूर विचारा, ‘बोल्ट शेवटी गाडी खाली घेऊनच आवळणार ना?’ चांगला मिस्त्री रागावत नाही. उलट समोरचं गिऱ्हाईक जाणतं आहे हे ओळखून जपून काम करतो.

दोन्ही बाजूंचे बुश बदलले, बोल्ट गाडी रॅम्पवर चाकांवर टेकवून आवळले, आणि त्यानंतर अलाइनमेंट. बुशांची किंमत घरातल्या महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढीसुद्धा नव्हती, मजुरी त्याच्या दुप्पट. रॅकला कुणी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भाचीनं गाडी काढली. शेजारी जावईबापू, मागं मी. पळसाण्यापर्यंत गेलो, सत्तर, ऐंशी, पाय काढून, पाय देऊन. येताना ती मुद्दाम मागं बसली आणि किल्ली नवऱ्याच्या हातात दिली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. सचिन मागं पडल्यावर म्हणाले, ‘हो, वेगळी लागते.’ मग थोड्या वेळानं, ‘तू आधी सांगत होतीस ते हेच का?’ तिनं ‘हं’ म्हटलं. घरी आल्यावर किल्ली कपाटात न जाता दाराजवळच्या खुंटीवर गेली. सासूबाईंनी मला घारी वाढली, दोन.

हे एका गाडीचं झालं. तुमच्या गाडीत सांधे धड निघाले तरी दुखणं असू शकतं, आणि तेव्हा उलट बाजूनं विचार करावा लागतो. गाडी नुसती सैलपणानं भरकटत नाही, घट्टपणानंही भरकटते. हे पुष्कळ मिस्त्रींनाही पटत नाही. मॉलमधली सामानाची ट्रॉली ढकलताना पुढची चाकं आपोआप मागं वळून सरळ होतात ना? कारण चाक टेकतं ते धुरीच्या थोडं मागं. मोटारीच्या पुढच्या चाकांनाही कॅस्टर नावाचा असाच कल दिलेला असतो, म्हणून वळण संपल्यावर स्टेअरिंग आपसूक मध्यावर येतं. शॉकअब्झॉर्बरच्या वरचं बेअरिंग जाम झालं, दांड्याचा जॉइंट गंजला किंवा नवा बॉल जॉइंट फारच कडक बसला तर चाक स्वतःहून मध्यावर येत नाही. जिथं सोडलं तिथंच राहतं. मग तुम्ही डावीकडं सावरता तर ते डावीकडंच राहतं, उजवीकडं सावरता तर उजवीकडं, आणि गाडी रस्ताभर शिवणकाम करत जाते. ओळखायची रीत सोपी आहे. मोकळ्या मैदानात, हळू वेगात वळण घ्या आणि स्टेअरिंगवरची पकड सैल करा, हात पूर्ण काढू नका. ते झरझर परत यायला लागलं तर ठीक. अर्ध्यावर अडलं तर दुखणं घट्टपणाचं.

हल्लीच्या गाड्यांत स्टेअरिंगला विजेची मदत असते. बॅटरी मरतुकडी असली तर ही मदत कमी-जास्त होते आणि स्टेअरिंग कधी जड, कधी हलकं लागतं. डॅशबोर्डवर स्टेअरिंगचा दिवा लागला तर अंदाज करत बसू नये, ते काम कॉम्प्युटर लावून बघणाऱ्याचं.

आणि कधी कधी गाडी निर्दोष असते, रस्ताच दोषी. अवजड ट्रक एकाच रेषेत धावून डांबरात दोन चर पाडतात. आपण ‘चाकोरी’ म्हणतो तो शब्द बैलगाडीच्या चाकांनी पाडलेल्या अशाच चरांवरून आला. रुंद टायरची गाडी त्या चरांत गेली की चरांचंच ऐकते. हजिऱ्याकडच्या रस्त्यावर हे जाणवतं आणि आपल्याकडं साखर कारखान्यांच्या रस्त्यांवर, ऊसवाहतुकीच्या मोसमात तर हमखास. म्हणून चाचणी कधी एकाच रस्त्यावर घेऊ नये. दुसऱ्या रस्त्यावर, दुसऱ्या लेनमध्ये बघावी. रस्त्याला पाणी वाहून जायला कडेकडं उतार असतो, त्यामुळं डाव्या लेनमध्ये थोडं डावीकडं जाणं हे दुखणं नव्हे. भरूचजवळ नर्मदेवरच्या २०१७ साली खुल्या झालेल्या मोठ्या पुलावर किंवा आपल्याकडं मोकळ्या माळावर आडवा वारा असतो. तिथं टपावर सामान बांधलेली धडधाकट गाडीसुद्धा डुलते.

सौंदत्तीची मंडळी येऊन गेली. टपावर काही बांधू नका, एवढंच मी सांगितलं होतं. मुंबईपर्यंत जावईबापूंनी चालवली, पुण्यापासून भाचीनं. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या.

जाता जाता, चिकोडीच्या एका वाचकांनी जुन्या जीपबद्दल विचारलंय : स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून सैलपणा काढता येतो का? येतो, पण आधी टायरॉडची टोकं आणि किंगपिन तपासून मगच. बॉक्स मधोमध जास्त झिजतो, कारण आपण बहुतेक वेळ सरळच चालवतो. मध्यावर खेळ नाहीशी होईपर्यंत आवळलं तर टोकाकडं तो जाम होतो, वळणावरून स्टेअरिंग परत येत नाही. त्यामुळं पुढची चाकं उचलून, घोडी लावून, स्क्रू थोडासाच, अष्टमांश फेरा आवळा, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं फिरवून बघा, कुठं अडलं तर तेवढाच सोडा. आणि वरचं नट घट्ट करायच्या आधी बॉक्समधलं तेल बघून घ्या. बऱ्याच जीपमध्ये ते नसतंच.